कॉर्डलेस माईक: आला कुठून आणि घ्यावा कसा

ग्रामसंघाच्या बैठकांत सध्या एक विषय सारखा निघतोय. गटांनी मिळून स्वतःचा साउंड घ्यावा का? आणि घेतलाच तर माईक तारेचा घ्यावा की कॉर्डलेस? आपल्या मंडळांचं भारुड असतं, पथनाट्य असतं, हळदीकुंकू असतं, महिला सभा असते. दर वेळी मंडपवाल्याकडे जायचं आणि तो देईल ते भाड्यानं आणायचं. दुकानात विचारायला गेलं तर दुकानदार म्हणतो, "ताई, हाच न्या, सगळे हाच नेतात."

म्हणून आज आम्ही या वस्तूची गोष्ट सुरुवातीपासून सांगणार आहोत. तिच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी एक अडचण आली आणि त्यातून पुढचा माईक तयार झाला. त्याच अडचणी आज आपल्या गावच्या स्टेजवरही येतात. त्या कळल्या की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

आधी माईकच नव्हता तेव्हाचं बघू. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. तिथून पुढं कितीतरी वर्षं आपली संगीत नाटकं माईकशिवाय चालली. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे, अशी पहिली अट. कीर्तनकाराचं, शाहिराचं, तमाशातल्या सोंगाड्याचं तेच. ज्याचा गळा मोठा, त्याचं ऐकलं जायचं. बायकांच्या भूमिकाही बहुतेक पुरुषच करायचे. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठळकपणे नोंदली गेली. म्हणजे आवाज लांब पोचवण्याचा प्रश्न नुसता गळ्याचा नव्हता, स्टेजवर कुणाला उभं राहू द्यायचं याचाही होता.

माईक आणि कर्णा ही जोडी आली तेव्हा पहिला फरक पडला. १९१५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कर्ण्यावरून मोठ्या गर्दीला आवाज ऐकवून दाखवला. चार वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांच्याच यंत्रावरून अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगो इथं सुमारे ५० हजार लोकांपुढं बोलले. आपल्याकडं १९३०च्या दशकात मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीनं काँग्रेसच्या अधिवेशनांना माईक आणि कर्णे पुरवले. गांधीजींच्या जुन्या फोटोंमध्ये माईकवर हे नाव दिसतं. गांधीजींचा आवाज तसा मोठा नव्हता. तरी तो हजारो लोकांपर्यंत गेला.

या माईकला तार होती. बोलणाऱ्यानं एका जागी उभं राहायचं, माईक सांगेल तिथं. भाषणाला ते चालतं. पण नाचत गाणारीनं काय करायचं? फुगडी घालत ओव्या म्हणणारीनं काय करायचं?

तार काढून टाकायची, तर आवाज हवेतून न्यावा लागतो. म्हणजे रेडिओच. कॉर्डलेस माईक हे हातात मावणारं एक छोटं रेडिओ केंद्रच असतं. माईकच्या दांड्यात पाठवणारं यंत्र, आणि अँप्लीफायरजवळ ठेवलेल्या अँटेनावाल्या डब्यात ते ऐकणारं यंत्र. त्या डब्याला रिसीव्हर म्हणतात. आपलं रेडिओ केंद्र जसं एका ठरलेल्या आकड्यावर लागतं, तसाच प्रत्येक माईकचाही हवेतला आकडा ठरलेला असतो.

हे करून बघणाऱ्या पहिल्या काही लोकांत इंग्लंडचे रेग मूर्स होते. ते बर्फावर स्केटिंग करणारे कलाकार होते आणि हवाई दलात इंजिनिअरचं कामही केलेलं होतं. १९४९ साली ब्रायटन शहरात 'अल्लादीन'चा खेळ बर्फावर झाला. त्यात दुष्ट जादूगाराच्या पोशाखात मूर्स यांनी आपलं यंत्र बसवलं, आणि ते चाललं. पण त्यांनी वापरलेल्या हवेतल्या आकड्याची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. आणि खेळाच्या मालकांनी काय ठरवलं? हे यंत्र पुढं नको. स्केटिंग करणाऱ्यांनी नुसतं स्केटिंग करावं, त्यांचे संवाद लपलेल्या माईकवर दुसऱ्यांनी बोलावेत. साधन हाताशी होतं, तरी कलाकाराच्या तोंडी दुसऱ्याचाच आवाज दिला गेला.

१९५३ साली अमेरिकेच्या शूर कंपनीनं कलाकारांसाठी 'व्हॅगाबाँड' नावाचा बिनतारी माईक बाजारात आणला. तो जेमतेम १५ फुटांपर्यंत चालायचा. आत काचेचे छोटे व्हॉल्व्ह होते आणि ते सेल फार खायचे. नंतर जर्मनीत सेनहायझर कंपनीनं तिथल्या रेडिओ केंद्राबरोबर काम करून असा माईक तयार केला. पुढं व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले, यंत्र लहान झालं आणि अंतर वाढलं.

१९६४ साली 'माय फेअर लेडी' हा इंग्रजी सिनेमा आला. आपल्याला ही गोष्ट माहीत आहे, फक्त वेगळ्या नावानं. फुलं विकणाऱ्या मुलीला एक प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतो. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावरून तो सिनेमा निघाला, त्यावरूनच पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं आणि भक्ती बर्वेंनी ते गाजवलं. तर या सिनेमात प्रोफेसर झालेले रेक्स हॅरिसन म्हणाले, आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं मला जमणार नाही. मग त्यांच्या टायमध्ये बिनतारी माईक लपवला आणि त्यांची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच घेतली. आवाजाच्या कामासाठी या सिनेमाला ऑस्कर मिळालं. आणि फुलवालीचं काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्न? त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या दुसऱ्या गायिकेनं म्हटली. सिनेमा होता एका बाईच्या बोलण्याचा, पण टायमधला माईक मिळाला प्रोफेसरला.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र बाईच्या गरजेतून घडली. १९७९ साली इंग्लंडची गायिका केट बुश दौऱ्यावर निघाली. तिला गाताना नाचायचं होतं, दोन्ही हात मोकळे हवे होते. तेव्हा तिच्या साउंडच्या माणसानं कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवून डोक्यावर बसणारा माईक बनवला. आज कवायत घेणाऱ्या बाई कानाला अडकवून जो माईक लावतात, तो त्यातलाच.

आता हवेतल्या जागेचं बघू. हवेत आवाजाच्या वाटा मोजक्याच आहेत. टीव्ही, मोबाईल, रेडिओ, माईक, सगळ्यांनाच त्या लागतात. मोबाईल वाढले तशी माईकची जागा आकसत गेली. अमेरिकेत २०१० साली ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आणि २०२० साली ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बहुतेक माईक बंद करावे लागले. चांगले चालणारे माईक लोकांना कपाटात ठेवावे लागले. आपल्याकडंही २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईलसाठी विकला गेला. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या सेटवर त्याच्या आसपासचा, म्हणजे ६९८ ते ८०६ मधला आकडा असेल, तर तो घेऊ नका.

ही हवा कुणाची, हा प्रश्न आपल्या देशात सुप्रीम कोर्टात गेला होता. १९९५ साली कोर्टानं निकाल दिला की ध्वनिलहरी वाहून नेणारी ही हवेतली वाट सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढं २००६च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळाली. म्हणूनच २००८ साली साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला, आणि म्हणूनच आम्ही आज तुमच्याशी बोलतोय.

आता दुकानात जाऊ.

पहिलं, काम कोणतं ते ठरवा. सभा, भजन, निवेदन यासाठी हातातला माईक बरा. तो एकीकडून दुसरीकडं देता येतो. भारुड, पथनाट्य, मंगळागौरीचे खेळ यांना हात मोकळे हवेत, तिथं डोक्यावरचा माईक घ्या. कॉलर माईक बनला कोट-टाय आणि कमरेच्या पट्ट्याच्या हिशेबानं. साडीत त्याचा डबा परकराच्या नाडीला किंवा कमरेला बांधलेल्या पट्ट्याला पक्का लावावा लागतो. माईक हनुवटीखाली साधारण वीतभर, पिन केलेल्या पदरावर लावायचा. मंगळसूत्र किंवा पदर त्याला घासला तर खरखर येते. मोकळ्या मैदानात, कर्णे जवळ असताना कॉलर माईक लवकर शिट्टी मारतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरं, रिसीव्हरला दोन अँटेना आहेत का, आणि दोन्हींपैकी चांगला आवाज निवडायची सोय आहे का, ते विचारा. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी पत्र्यावर आपटून फिरतात आणि मधेच एकमेकींना मारतात. तेव्हा आवाज तुटतो. दोन अँटेना असतील तर एकीचा तुटला तरी दुसरी सांभाळते. मात्र नुसत्या दोन काड्या दिसल्या म्हणून ही सोय असेलच असं नाही. दोन माईकच्या काही सेटमध्ये एका माईकला एकच काडी असते.

तिसरं, आकडा. दोन माईक घेतले तर दोघांचे आकडे वेगळे हवेत, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. आकडा बदलता येणारा सेट थोडा महाग पडतो. पण जत्रेत शेजारच्या मंडपात तसाच माईक निघाला तर आपल्याला आकडा बदलता येतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं परवान्याशिवाय खुला आहे. मात्र वायफाय आणि ब्लूटूथही त्यातच असतात, आणि माणसांच्या गर्दीत त्याचा पल्ला लवकर कमी होतो. आपल्या अंगात पाणी जास्त, ते या लहरी शोषून घेतं. लहान खोलीतल्या बैठकीला तो ठीक.

चौथं, सेल. कोणते लागतात आणि एका जोडीवर किती तास चालतं, ते विचारा. साधे स्वस्त सेल लवकर उतरतात, अल्कलाइन टिकतात. वर्षभराच्या सेलचा खर्च हिशेबाच्या वहीत आधीच धरा. आणि विकत घेण्याआधी तोच सेट भाड्यानं आणून दोन कार्यक्रम करून बघा.

तारेचा माईकही एक ठेवाच. तो स्वस्त असतो, त्याला सेल लागत नाही, आणि कॉर्डलेस अडला तर कार्यक्रम थांबत नाही.

वापरताना थोडं सांभाळायचं. रिसीव्हर जमिनीवर किंवा स्पीकरच्या मागं ठेवू नका. डोक्याच्या उंचीवर, स्टेज दिसेल असा ठेवा. कार्यक्रमाआधी एकीनं बोलत बोलत पूर्ण मैदान फिरून यावं, आवाज कुठं तुटतो ते कळतं. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते. दांडा मधोमध धरा, तोंडापासून दोन-चार बोटांवर. माईक खाली छातीपाशी गेला की आवाज पडतो, मग साउंडवाला तो वाढवतो, आणि पुन्हा शिट्टी. माईक चालू आहे का बघायला त्यात फू फू करू नका, दोन शब्द बोला. काम झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत गळतात. आणि रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागी कर्णा लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे.

शेवटी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं असेल, ग्रामसभेत माईक स्टँडवर पुढं असतो, आणि बायका मागं बसलेल्या. मागून कुणी पाण्याच्या टाकीचं विचारलं, रेशनचं विचारलं, तर पुढून उत्तर येतं, "ऐकू येत नाही, पुढं या." पुढं यायचं म्हणजे सगळ्या गावादेखत उठून चालत जायचं. बहुतेक जणी बसून राहतात. तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला जात नाही. आणि लिहिला गेला नाही, तर पुढच्या सभेत त्याचं उत्तर मागता येत नाही.

कॉर्डलेस माईक मागच्या रांगेपर्यंत नेता येतो. त्यासाठी सेट घेताना ग्रामसंघानं दोघी जणी नेमाव्यात. एक रिसीव्हर आणि सेल बघेल. दुसरी सभेत माईक घेऊन फिरेल, आणि ज्या ताईंनी हात वर केला त्यांच्या हातात तो देईल. ग्रामसभेच्या आधी आपली महिला सभा असतेच. तिथं पाच-पाच मिनिटं प्रत्येकीनं माईक हातात घेऊन आपलं नाव आणि एक प्रश्न बोलून बघावा. स्वतःचा मोठा झालेला आवाज पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. दुसऱ्या खेपेला होत नाही.

तुमच्या गावात कोणता सेट वापरता, कुठं अडतं, ते केंद्रावर कळवा. पुढच्या भागात आपण अँप्लीफायर आणि कर्णे यांच्याबद्दल बोलू.