कारवानी : वाटेने आला, गावचा झाला

मागच्या सुट्टीत जत तालुक्यात आजोळी गेलो होतो. सोबत शहरात वाढलेला भाचा होता. माळावर एका धनगर बापूंच्या मेंढवाड्याजवळ एक कुत्रा उभा होता. उंच, सडपातळ, तोंड लांब निमुळतं, छाती खोल आणि पोट पाठीला लागलेलं. भाचा म्हणाला, "मामू, हा फॉरेनचा कुत्रा इथं कसा?"

बापू हसले. "फॉरेनचा कसला? आमच्या आज्यापासनं हाय. कारवानी हाय कारवानी."

परतताना भाच्याने मोबाइलवर शोधलं आणि विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बघा, मूळ बाहेरचंच आहे!"

दोघांपैकी खरं कोण? मी भाषेचा मास्तर. त्यामुळे मी आधी शब्दाकडे वळलो.

'कारवान' हा फारसी शब्द. अर्थ काफिला, तांडा. काफिल्यासोबत आलेला तो कारवानी. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी केसांची झालर असलेल्या त्याच्या भावंडाला 'पश्मी' म्हणतात. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर; आपल्या पश्मीना शालीतला शब्दही तोच. उर्दूत शिकारी कुत्र्याला 'ताजी' म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ 'अरबी' असा आहे. अरबस्तानातला सलुकी, इराण-अफगाणिस्तानातला ताजी आणि आपला कारवानी शेजारी उभे केले, तर एकाच घराण्याचे वाटतात.

हे कुत्रे दख्खनेत कसे पोहोचले असतील, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. बहमनी सल्तनत १३४७ साली उभी राहिली. पुढे विजापूरची आदिलशाही आली, ती १६८६ पर्यंत टिकली. या काळात अरबी घोडे समुद्रमार्गे दाभोळ-गोव्याच्या बंदरांत उतरायचे आणि घाट चढून वर यायचे. त्यांच्याबरोबर व्यापारी, सैनिक आणि त्यांचे शिकारी कुत्रेही आले, असं मानलं जातं. उत्तरेत अकबराला कुत्र्यांचा मोठा शौक होता. काबूलकडचे, विशेषतः हजारा भागातले कुत्रे उत्तम असतात, अशी नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे.

काफिले थांबले, सल्तनती गेल्या, कुत्रा राहिला. त्याला राखलं कुणी? माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या मेंढपाळांनी आणि शिकारी जमातींनी. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. त्यासाठी मोकळा माळ लागतो, आणि तो इथे भरपूर. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काट्याकुट्यांत आणि थंड पाण्यात टिकेल असा, तारेसारख्या राठ केसांचा शिकारी कुत्रा शौकिनांनी हेतुपुरस्सर घडवला. त्यांचे क्लब होते, वंशावळीच्या वह्या होत्या. आपल्याकडे वही नव्हती. ऊन सोसेल असे आखूड, अंगाला चिकटलेले केस, ससा गाठतील असे लांब पाय आणि वाटीभर ताक-भाकरीवर भागेल असं पोट, ही निवड दुष्काळानेच केली.

नाव मात्र राजाने दिलं. मुधोळचे घोरपडे एकेकाळचे आदिलशाहीचे सरदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले राजे मालोजीराव यांनी हे कुत्रे जोपासले आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून जग त्याला 'मुधोळ हाउंड' म्हणू लागलं. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. २०१६ साली त्याची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. फारसी नाव, मराठा राजाचा आश्रय, धनगराची भाकरी, आज कर्नाटकात असलेलं गाव आणि भारतीय फौज. आता याचं 'मूळ' कुठल्या रकान्यात लिहायचं?

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. दरबारात त्याला जरीचे कपडे नि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याचं ग्रँट डफने लिहिलं आहे. हे शाहू १६८९ ते १७०७ औरंगजेबाच्या छावणीत वाढले होते. खंड्याची जात कोणती, हे महाराजांनी विचारलं नव्हतं. त्याने काय केलं, ते पाहिलं होतं.

आमच्या घरांत कुत्र्याविषयी अंतर असतं, हे मी नाकारत नाही. नानी कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. पण शिकवलेल्या शिकारी जनावराने अल्लाहचं नाव घेऊन पकडून आणलेली शिकार हलाल आहे, हे सूरह माइदात आलेलं आहे. शिकार, गुरं आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा पाळायला मुभा आहे. नानी त्याला बाहेर ठेवायची, पण जेवणाआधी त्याची भाकरी बाजूला काढायची.

आज शिकारीला बंदी आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ससाही सुरक्षित झाला, आणि ते योग्यच झालं. पण कारवान्याचं जुनं काम गेलं. माळावर प्लॉट पडले. शर्यतीच्या हौसेपायी ग्रेहाउंडशी संकर होऊ लागले. बाहेरून आला म्हणून नाही, तर इथलं काम आणि इथला माळ संपला म्हणून तो हरवू शकतो.

मी भाच्याला म्हटलं, "बाळा, तुझा मोबाइल खरा आणि बापूही खरे. कुठून आला ते नावात आहे. कुणाचा झाला ते बघायचं असेल, तर बापूंनी हाक मारल्यावर तो कसा धावतो ते बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा माळावर गेलो. बापूंनी शीळ घातली आणि लांब टेकाडावरून तो धुरळा उडवत आला. भाच्याने मोबाइल खिशात ठेवला होता.