शालेय वाचनातील हबशी

आमच्या सुरतेच्या मराठी शाळेत 'हबशी' मुलांस भेटतो तो केवळ शिवछत्रपतींचा जंजिरेकर शत्रू म्हणून. एवढ्याने आफ्रिकी लोकांचा इतिहास शिकविला, असे आम्हांस म्हणवत नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६२४ साली भातवडीस शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. आमच्या शेजारचे सचिन संस्थान १७९१ मध्ये जंजिऱ्याच्याच सिद्दी घराण्याकडे आले. जोतीराव फुल्यांनी तर 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली. म्हणून बखरीशेजारी अंबराचे चरित्र व 'गुलामगिरी' ही दोन्ही वर्गात असावीत. तेथे एखादा सिद्दी मुलगा बसला असेल, तर त्यालाही आपले पूर्वज शत्रूखेरीज अन्य रूपात भेटले पाहिजेत.