दप्तर खासगी कधी झाले?

शीवच्या टेकडीवरचा किल्ला गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात उभा राहिला, तो सरहद्दीवरचे ठाणे म्हणून. तिथे इंग्रजांची मुंबई संपत असे. खाडीपलीकडचे माहुल, तुर्भे आणि उत्तरेला पसरलेली साष्टी हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडल्यावर इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १७७६ चा पुरंदरचा तह आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला. सालबाईच्या तहात मराठ्यांना वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. या तहांच्या राजकारणात नाना फडणीस अग्रभागी होते, आणि त्यांचे दप्तर सापडले ते वाईजवळ मेणवलीला, कृष्णाकाठच्या त्यांच्या वाड्यात. राज्याच्या राजकारणाचे कागद एका माणसाच्या घरी कसे राहिले? थोर पुरुष आपली आठवण मागे राहावी म्हणून कागद जपून ठेवतात, असे उत्तर आपण सहज देतो. पुरावा वेगळेच सांगतो. मराठी मुलखातले ‘खासगी दप्तर’ ही एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते त्या मुत्सद्द्याचा त्याच्या घडणीत वाटा कमी. त्याच्या मागे राहिलेले कुटुंब, कारकून आणि इनामाचा पुरावा मागणारे सरकार यांचा वाटा मोठा.

१८१८ पूर्वी घर आणि कचेरी यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. फडणिशी नानांच्या भानू घराण्यात वंशपरंपरेने चालत होती, म्हणून त्या कामाचे कागदही घराण्याकडे राहणे कोणाला वावगे वाटत नसे. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात हैदर आणि टिपूच्या सरहद्दीवर फौज घेऊन उभ्या असलेल्या पटवर्धन सरदारांचेही तसेच होते. छावणीतून आलेली बातमी, सावकाराचा हिशेब, घरच्या लग्नाचा मजकूर आणि पेशव्यांचा हुकूम एकाच कारकुनाच्या हातून जात आणि एकाच फडक्यात बांधले जात. या फडक्याला रुमाल म्हणत, आणि अशा रुमालांचे मिळून दप्तर होई. पत्रांची घडणही हेच दाखवते. मोडीत लिहिलेल्या कितीतरी पत्रांत ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि मुसलमानी महिना एवढेच असते, वर्ष नसते. पुढच्या पिढ्यांसाठी लिहिणारा माणूस वर्ष विसरत नाही. चालू कामासाठी लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही, कारण वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असते. पत्र हाती आल्यावर ते घेणाऱ्याचा कारकून त्यावर पैवस्तीचा, म्हणजे पोचल्याचा, शेरा मारी आणि ते त्या त्या रुमालात जाई. पत्राचा काळ असा अर्धा कागदावर आणि अर्धा रुमालाच्या क्रमात राहत असे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मराठ्यांना गतकाळाची जाण नव्हती असे म्हणायचे आहे काय? बखरी होत्या, करीने आणि कैफियती होत्या, नानांनी तर पानिपतापर्यंतच्या आपल्या पूर्वायुष्याचे छोटे आत्मवृत्तही लिहून ठेवले. आक्षेप रास्त आहे, पण त्याची उदाहरणेच माझ्या म्हणण्याला बळ देतात. उत्तर कोकणची हकिकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ पाहा. कोणते गाव कोणाला मिळाले, कोणाचा मान कोठला, यात तिचा जीव गुंतलेला आहे. करीना आणि कैफियत वादात हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिली जाई. ज्याला आठवण ठेवायची किंवा हक्क सांगायचा तो माणूस वेगळी, निवडक, सुसंगत हकिकत रचत असे. कामाचा अख्खा कागदपसारा हीच आपली आठवण, असे नानांनीही मानलेले दिसत नाही. तसे असते तर आत्मवृत्त निराळे लिहिण्याचे त्यांना कारण नव्हते.

वळण आले ते राज्य बुडाल्यावर, पण त्याची चाहूल आधीच लागली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्वतः सरहद्दीवरचा मुत्सद्दी. १८०८-०९ मध्ये तो काबूलच्या शहा शुजाकडे वकील म्हणून गेला, १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट झाला. १८१२ मध्ये पेशवे आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात त्याने पंढरपूरचा करार घडवून आणला. ज्या जमिनीची सनद नाही ती सोडायची, असे त्यात जहागीरदारांवर बंधन होते. पटवर्धनांसारख्या सरदारांना घरातल्या कागदाची किंमत तिथे नव्याने कळली असणार. १८१८ मध्ये पेशव्यांचे दप्तर इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि महसुलाच्या कामासाठी त्याची व्यवस्था लावली. त्या क्षणी एक रेघ ओढली गेली. सरकारच्या हाती पडले ते सरकारी दप्तर, आणि वाड्यांमध्ये उरले ते आपोआप खासगी ठरले. कागदांचा स्वभाव पालटला नव्हता, सत्ता पालटली होती. एल्फिन्स्टनच्या स्वतःच्या कागदांशी हे ताडून पाहावे. त्याचे सरकारी खलिते कंपनीच्या दप्तरात गेले, रोजनिशी आणि घरगुती पत्रे त्याच्याकडे राहिली, आणि त्यांच्या आधारे कोलब्रुकने १८८४ मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या बाबतीत वाटणी लिहितानाच झालेली होती. आपल्याकडे ती नंतर आणि बाहेरून झाली.

ही रेघ पक्की केली इनाम कमिशनने. १८४३ पासून दक्षिणेत चाललेल्या चौकशीला १८५२ च्या कायद्याने धार आली. इनाम कोणी दिले, देणाऱ्याला अधिकार होता काय, उपभोग किती पिढ्यांचा, हे इनामदाराने कागदाने दाखवायचे आणि सरकारने आपल्या ताब्यातल्या दप्तराशी ताडून पाहायचे. खुद्द लोकहितवादी या खात्यात कामाला होते. हजारो घरांत रुमाल सुटले ते या भीतीने. उपयोगी सनद निराळी काढून पेटीत गेली. अडचणीचा कागद नाहीसा करण्याचा आणि नसलेला बनवण्याचा मोह या व्यवस्थेतच होता, आणि बनावट सनदांचा संशय सरकारलाही सतत छळत होता. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक आकारणी घेऊन हा वाद बराचसा मिटवला, पण तोवर घरोघरच्या दप्तरांना नवा अर्थ चिकटला होता: हा आमच्या घराण्याचा पुरावा आहे. ज्या दप्तरांची अशी उलथापालथ झाली त्यांतल्या साल नसलेल्या पत्रांचा काळ हरवला, कारण तो रुमालाच्या क्रमात होता.

पुराव्याचा इतिहास झाला तो शतकाच्या अखेरीस. १८६७-६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका केली आणि मराठ्यांचा इतिहास मराठी साधनांवरून लिहिला पाहिजे, ही जाणीव रुजू लागली. मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला आणि पटवर्धनी दप्तरातली पत्रे मजकुरावरून काळ ठरवून ओळीने लावली. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड १८९८ चा. नानांच्या दप्तराचेही पाहा. त्यांच्या पत्नी जिऊबाई इंग्रजांच्या वर्षासनावर मेणवलीला राहिल्या. त्या घराने सांभाळलेले दप्तर पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्याकडे आले, त्यांच्या संग्रहाबरोबर साताऱ्याच्या संग्रहालयात गेले आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. नानांचे खासगी कागद म्हणून जे आपण वाचतो, त्यांच्यामागे हे सगळे हात आहेत.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. कागद इतक्या हातांतून, इतक्या स्वार्थांतून आले असतील, तर त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? ठेवायचा, आणि याच कारणाने अधिक ठेवायचा. जे पत्र इतिहासासाठी लिहिलेले नाही, ते इतिहासाला फसवण्यासाठीही लिहिलेले नाही. फसवणुकीचा संशय धरायचा तो हक्क सांगणाऱ्या कागदावर, सनदेवर आणि कैफियतीवर. धान्याची टंचाई किंवा उशिरा निघालेली फौज कळवणाऱ्या पत्रात नंतरच्या वारसाला खोटे घालण्यासारखे काही नव्हते. मात्र उरलेल्या कागदांवरून मुत्सद्द्याच्या मनाचा ठाव घेताना सावध राहिले पाहिजे. जे तोंडी ठरले किंवा वाचून फाडले, ते इथे नाही. काय उरावे हे त्याने एकट्याने ठरवलेले नाही.

ही कुळकथा मान्य केली तर काम करण्याची रीतही बदलावी लागते. माहुलसारख्या सरहद्दीवरच्या गावाचा इतिहास एका थोर पुरुषाच्या दप्तरात पुरा सापडणार नाही. तिथे गावे दिसतात ती वसुलीची रक्कम, ठाणे किंवा होड्या म्हणून. पोर्तुगीज काळासाठी १५९५ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखाकडे, मराठी काळासाठी पुण्याच्या पेशवे दप्तराकडे आणि त्यानंतरसाठी मुंबई सरकारच्या दप्तराकडे जावे लागते. एकाच खाडीविषयी तीन सरकारांच्या कारकुनांनी केलेल्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच तिथल्या माणसांचे काही हाती लागेल. आजही जुन्या घरांमध्ये न उलगडलेले रुमाल आहेत. ते सोडताना मोठ्या नावाची सही शोधण्याची घाई करू नये. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाखाली होता याची यादी आणि छायाचित्रे आधी व्हावीत, आणि मगच कागद वेगळे करावेत. पैवस्तीच्या शेऱ्याइतकाच तो क्रमही मजकुराचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तो सनदांच्या शोधात मोडला. इतिहासाच्या नावाने आपण तो पुन्हा मोडता कामा नये.