बालाघाट : ज्वालामुखीच्या दोन युगांतून अडीच दिवसांची सफर

‘बालाघाट’ हे नाव ऐकले की मराठी वाचकाला आधी आठवते ती अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर या भागांतून जाणारी डोंगररांग. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा हा आहे. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला खेटून असलेला हा प्रदेश सातपुड्याच्या पूर्व टोकाकडील मैकल डोंगररांगेच्या कुशीत वसला आहे. दोन्हीकडच्या नावाचा अर्थ एकच: घाटावरचा मुलूख. ‘बाला’ हा वर या अर्थाचा फारसी शब्द. १८६७ सालापासून भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून इंग्रजांनी हा नवा जिल्हा घडवला. त्याचे मुख्य ठिकाण तोवर ‘बुढा’ या नावाने ओळखले जात असे. भंडाऱ्यातून आलेल्या सखल भागावर त्यापूर्वी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. वैनगंगेच्या काठच्या गावांत हिंदी, पोवारी आणि गोंडी यांच्याबरोबर आजही मराठी कानी पडते, त्यामागे हा इतिहास आहे.

दूधसागरचा ३१० मीटर उंचीचा प्रपात पाहिलेल्या गोमंतकीयाला बालाघाटचे धबधबे उंचीने थक्क करणार नाहीत. येथे येण्याचे कारण वेगळे आहे. ज्वालामुखीच्या दोन अतिशय भिन्न युगांचे खडक आणि त्या खडकांवरून, खडकांमधून वाहणारे पाणी अडीच दिवसांच्या एका छोट्या सफरीत पाहता येते. वाटाड्या जाणता असेल तर धबधबा कोठे आहे याबरोबरच तो तेथेच का आहे, हेही उमगते.

दोन युगांचा लावारस

या भागातील जुना ज्वालामुखी खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात. डोंगरगड महासंघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकसमूहाचा तो भाग होय. बालाघाटच्या आग्नेयेला, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा–दरेकसा परिसरात तो उघडा पडलेला दिसतो. रायोलाइटचा लावारस दाट आणि चिकट असतो. तो दूरवर पसरत नाही, मुखाजवळच साचतो व पुष्कळदा स्फोट होऊन राखेसह बाहेर पडतो. त्यापासून बनलेला खडक फिकट किंवा गुलाबी छटेचा, कठीण आणि झिजण्यास चिवट असतो.

धाकटा खडक म्हणजे सह्याद्रीतील मराठी माणसाचा परिचित काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर भेगांमधून पातळ लावारसाचे थरांवर थर पसरले. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. गोव्याच्या ईशान्य सीमेवरील सत्तरीच्या डोंगरमाथ्यापर्यंत जशी त्यांची एक कड पोहोचते, तशीच पूर्वेकडे मंडला, दिंडोरी आणि अमरकंटकच्या दिशेने त्यांची एक जीभ गेलेली आहे. बालाघाट जिल्ह्याच्या उत्तर भागातील पठारे या जिभेच्या दक्षिण कडेला येतात. दोन लावाप्रवाहांमधल्या शांततेच्या काळात तेथे तळी साचली, वने वाढली आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडली गेली. दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ जीवाश्म राष्ट्रीय उद्यानात त्या वनांचे दगड झालेले बुंधे पाहावयास मिळतात.

सगळाच जिल्हा ज्वालामुखीतून निर्माण झालेला नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. बालाघाट ज्या मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे, ते मुळात जलाशयांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे. पुढे उष्णता व दाब यांमुळे त्याचे रूपांतर झाले. त्या खडकांतील एका प्रकाराला एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. आदिवासी समाजाचे नाव जगाच्या भूशास्त्रात रुजावे, अशी उदाहरणे थोडीच आहेत.

पहिला दिवस : खोऱ्यातून पठारावर

मुंबई–हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे या सफरीचे सोयीचे प्रवेशद्वार होय. गोव्याहून येणाऱ्याने नागपूर गाठावे आणि तेथून रेल्वेने गोंदियास यावे. गोंदियाहून बालाघाट सुमारे ४५ किलोमीटर आहे. सातपुड्यातील जुन्या अरुंद लोहमार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यामुळे हा टप्पा रेल्वेनेही करता येतो. वाटेत वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती लागते. येथील सुवासिक ‘चिन्नोर’ तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुपारच्या जेवणात हा भात आवर्जून मागून घ्यावा.

बालाघाटहून बैहरकडे निघाले की सुमारे १४ किलोमीटरवर गांगुलपारा हे ठिकाण येते. घिसरी नाल्यावर बांधलेला तलाव आणि त्यालगतचा धबधबा डोंगराच्या पायथ्याशी, झाडीने वेढलेले आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत धबधबा भरून वाहतो. उन्हाळ्यात त्याची धार क्षीण होते. शहराजवळ असल्याने सुटीच्या दिवशी येथे गर्दी होते. शांतता हवी असल्यास सकाळची वेळ उत्तम.

पुढे रस्ता घाट चढू लागतो. या चढणीवर प्रवासी नकळत एक मोठी रेषा ओलांडतो. घाटाखाली पडलेला पाऊस वैनगंगेतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जातो. घाटावर बैहरच्या बाजूला पडलेला पाऊस बंजर नदीतून मंडल्याजवळ नर्मदेला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. नर्मदेला ‘मेकलसुता’ का म्हणतात, ते या पाणलोटावर उभे राहिल्यावर अधिक चांगले समजते. जेथे ती उगम पावते, तो अमरकंटक याच मैकल रांगेत आहे.

बालाघाटपासून बैहर सुमारे ६५ किलोमीटर आहे. तेथून कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार जवळ आहे. पहिला मुक्काम मुक्की परिसरात करणे सोयीचे ठरते.

दुसरा दिवस : दादर म्हणजे काय?

कान्हाच्या वनात टेकड्यांच्या सपाट माथ्यांना स्थानिक बोलीत ‘दादर’ म्हणतात. बम्हनीदादर हा त्यांतील प्रसिद्ध माथा. खाली सालवृक्षांचे घनदाट वन, उतारावर बांबू आणि वर मोकळे गवताळ सपाट रान असा येथील क्रम आहे. झाडांचा हा क्रम पुष्कळ अंशी खडकांनी ठरवला आहे. बेसाल्टचे आडवे थर झिजताना मधले उतार तुटत गेले आणि कठीण माथे टिकले. त्या माथ्यांवर ऊन-पावसाच्या दीर्घ क्रियेने जांभा तयार झाला. गोव्यात घराच्या भिंतीला लागणारा चिरा आणि दादरावरचा हा लालसर सच्छिद्र दगड यांची जात एकच.

धबधब्याचे रहस्य या जांभ्यात आहे. जांभ्याच्या छिद्रांतून पावसाचे पाणी आत मुरते. खालच्या चिकणमातीच्या किंवा अखंड बेसाल्टच्या थरावर ते अडते, आडवे सरकत जाते आणि टेकडीच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. असे झरे मिळून नाला होतो आणि थराच्या कडेवरून कोसळला की त्याचा धबधबा होतो. पाऊस संपल्यावर धबधबा किती दिवस वाहील, हे केवळ पावसावर अवलंबून नसते. माथ्यावरचा जांभा आणि त्यावरचे वन शाबूत आहे का, यावर ते बरेचसे ठरते.

कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. कठीण भूमीवर राहणाऱ्या बारशिंग्याची संख्या १९७० साली येथे अवघ्या ६६ पर्यंत खाली आली होती; संरक्षणामुळे ती जात वाचली. उद्यानासाठी आतील गावे हलवण्यात आली आणि त्या गावांच्या शेतांची पुढे कुरणे झाली. आज बारशिंगे चरतात ती काही कुरणे पूर्वीची शिवारे आहेत. बैगा आणि गोंड समाजाने दिलेली ही किंमत सफरीत विसरता येण्यासारखी नाही.

वाटाड्याचे मोल

कान्हाच्या गाभा क्षेत्रात नोंदणीकृत वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. फेरीचे आरक्षण आगाऊ करावे लागते, ओळखपत्र सोबत ठेवावे लागते आणि ठरवून दिलेल्या ठिकाणांखेरीज वाहनातून उतरता येत नाही. वाटाड्यांमध्ये आसपासच्या गावांतील तरुण असतात. वाघाचा माग काढणे हेच त्यांचे काम, अशी समजूत करून घेतल्यास प्रवाशाचाच तोटा होतो. फेरीच्या आरंभीच ‘वाघ दिसला नाही तरी चालेल, दादर, झरे आणि दगड दाखवा’ असे सांगितले, तर सफरीचे रूप पालटते. कोणत्या नाल्याला वैशाखातही पाणी असते, कोणता झरा अलीकडे आटला, हे ज्ञान नकाशात सापडत नाही.

उद्यानाबाहेरील धबधब्यांवर अशी सक्ती नसते. तेथेही गावातील माणूस सोबत घ्यावा. शेवाळलेला खडक, डोहाची फसवी खोली आणि वर पाऊस झाल्याने अचानक वाढणारे पाणी या गोष्टी त्यालाच ठाऊक असतात. हा जिल्हा दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून गणला गेला आहे. आडबाजूच्या वनात जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस किंवा वनखात्याकडे चौकशी करणे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतणे इष्ट.

तिसऱ्या दिवसाची सकाळ : हाजरा आणि कचारगड

परतीच्या वाटेवर गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर दरेकसा स्थानक लागते. त्याच्या जवळच हाजरा धबधबा आहे. सालेकसा तालुक्यातील हा परिसर प्राचीन रायोलाइटच्या मुलखात मोडतो. आदल्या दिवशीचा आडव्या थरांचा काळा बेसाल्ट आणि येथील जुना, ओबडधोबड फुटणारा खडक यांची तुलना येथे करून पाहावी. दोन्ही खडक लावारसाचे. पण त्यांच्यामध्ये सुमारे २४३ कोटी वर्षांचे अंतर आहे.

याच परिसरात कचारगडच्या गुहा आहेत. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे देशभरातून भाविक येतात. त्या दिवसांत जाणाऱ्याने आपण यात्रेत पाहुणे आहोत, याचे भान राखावे.

केव्हा जावे?

या सफरीतील खरी अडचण ऋतूची आहे. धबधबे जुलै ते सप्टेंबर या काळात भरात असतात आणि नेमके १ जुलै ते ३० सप्टेंबर कान्हाचे गाभा क्षेत्र बंद असते. म्हणून दोन्ही साधावयाचे तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वोत्तम होय. उद्यान नुकतेच उघडलेले असते, नाले वाहते असतात आणि खोऱ्यात भात निसवलेला असतो. दूधसागरकडे कुळेंहून निघणाऱ्या जीपगाड्यांचीही वाट गोमंतकीय याच महिन्यात पाहतात. डिसेंबर–जानेवारीत हवा सुखद असते. मात्र पठारावर पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि धबधबे रोडावलेले असतात. बुधवारी दुपारची फेरी बंद असते, हे वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे.

खडकातले धन, खडकातले पाणी

बालाघाटचा खडक दोन प्रकारची संपत्ती सांभाळतो. शहरालगत भरवेली येथील मॉयल कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. या कंपनीचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जाते. बैहरच्या पुढे मलाजखंड येथे, प्राचीन ग्रॅनाइटात, देशातील सर्वांत मोठा तांब्याचा साठा आहे. हिंदुस्थान कॉपरचा तेथील प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. पठारांच्या माथ्यावरील जांभ्यात बॉक्साइट असते. या खाणींनी हजारो कुटुंबांना रोजगार दिला आहे आणि देशाच्या पोलाद व विद्युत उद्योगांना कच्चा माल पुरवला आहे.

परंतु ज्या जांभ्यात बॉक्साइट असते, तोच जांभा पावसाचे पाणी धरून ठेवतो. माथा खरवडला गेला की पाणी मुरण्याऐवजी एकदम वाहून जाते. पावसाळ्यात धबधबा अधिक गढूळ आणि उग्र होतो, तर मार्गशीर्षातच झरा आटतो. खाणपट्ट्यातील विहिरी आणि झरे यांचा अनुभव घेतलेल्या गोमंतकीयास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. कोणता माथा खणावा आणि कोणता राखावा, हा प्रश्न सत्तरी, सांगे आणि बैहर येथे सारखाच उभा आहे.

म्हणून बालाघाटला गेल्यावर धबधब्याच्या पायथ्याशी छायाचित्र काढून परत फिरू नये. वाटाड्याला विचारून पाणी जेथून येते त्या माथ्यापर्यंत, परवानगी असेल तेथवर, चढून जावे. पायाखालचा लाल सच्छिद्र दगड हातात घेऊन पाहावा आणि जागच्या जागी ठेवावा. खाली कोसळणाऱ्या पाण्याचा जमाखर्च त्या दगडात मांडलेला असतो.