की वेस्टची चार्टर मासेमारी

फ्लॉरिडा (अमेरिका) राज्याच्या दक्षिण टोकाकडील बेटांच्या माळेत रस्ता जिथे संपतो त्या की वेस्ट बेटावरून, भाड्याच्या बोटीने समुद्रात जाऊन हौसेखातर गळाने मासे धरण्याचा छंद आणि त्यावर उभा राहिलेला व्यवसाय. बोट, तांडेल, खलाशी, गळ, आमिष आणि बर्फ बोटवाल्याचे. खाणेपिणे आणि माणसे गिऱ्हाइकाने आणायची. ही माणसे बहुधा एका घरातली किंवा एका कंपूतली असतात. धरलेली मासळी त्यांना विकता येत नाही. खावी, वाटावी किंवा पाण्यात सोडावी. कोकणात खडपावर बसून गरवणाऱ्याला यातली गंमत सांगावी लागणार नाही. त्यासाठी कोणी दिवसाचे भाडे मोजतो, एवढेच त्याला नवल वाटेल.

स्थान : बेटाच्या दक्षिणेला सुमारे १० किमी.वर प्रवाळभित्ती आहे. तिच्यापलीकडे तळ झपाट्याने खाली जातो आणि गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह लागतो. उत्तरेला मात्र मैलोगणती उथळ, गवताळ पाणी. म्हणजे बोटीने तासाभराच्या आत तीन वेगळे समुद्र गाठता येतात. चार तासांच्या भाड्यातही गिऱ्हाइकाला काहीतरी गळाला लागेल अशी आशा बोटवाला दाखवू शकतो, ती या रचनेमुळे. या धंद्याच्या भरभराटीचे श्रेय लेखकांना देण्याची पद्धत आहे. ते आधी तळाला द्यायला हवे.

मासे : मराठी वाचकाला यांतले बरेच ओळखीचे निघतील. भित्तीवर तांबोशीच्या कुळातले स्नॅपर आणि गोबऱ्याच्या (हेकरूच्या) कुळातले ग्रूपर. बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांभोवती मोदुसा (तिकडे कोबिया), जो आपल्याकडचाच, त्याच जातीचा. हिवाळ्यात सुरमईची चुलत बहीण किंग मॅकरेल. प्रवाहात कुपे, माही-माही, मार्लिन आणि पाठीवर शिडासारखा पर मिरवणारा सेलफिश. उथळ पाण्यात टार्पन, बोनफिश आणि परमिट. हे तिन्ही खाण्यासाठी नव्हे, झुंजीसाठी धरले जातात. त्यांच्यासाठी मोठी बोट चालत नाही. लांब काठीने रेटत नेण्याची चपट्या बुडाची होडी लागते, तिच्यात वाटाड्याखेरीज दोघांचीच सोय असते, आणि कुटुंबाला घेऊन जाण्याचा तो प्रकारही नव्हे.

पूर्वपीठिका : दांडी आणि रीळ यांनी मोठे सागरी मासे धरण्याच्या संघटित छंदाचा उगम सामान्यतः कॅलिफोर्नियाजवळील कॅटलिना बेटावर मानतात. तिथे १८९८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८३ पौंडांचा (८३ किग्रॅ.) कुपा दांडीने आणला आणि त्याच वर्षी ‘ट्यूना क्लब’ स्थापन झाला. त्यापूर्वी असे मासे जाड दोरीने, हातांनी ओढून काढीत. ज्याच्या आत ब्रेक आहे असे रीळ १९१३ च्या सुमारास आले आणि बोटांची सालटी निघणे थांबले. की वेस्टकडच्या बेटांवर हा छंद रेल्वेने वाढवला. हेन्री फ्लॅग्लर यांची समुद्रावरून जाणारी रेल्वे १९१२ मध्ये की वेस्टला पोचली. वाटेतल्या लाँग की बेटावर तिने थाटलेल्या मासेमारी-तळावर श्रीमंतांची वर्दळ असे. कादंबरीकार झेन ग्रे हे तिथल्या क्लबचे पहिले अध्यक्ष. सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळात तो तळ आणि रेल्वे दोन्ही गेले. रेल्वेच्या पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता सुरू झाला. तोवर पाहुणा एकटा किंवा मित्रांसह येत असे. आता बायकामुलांना गाडीत घालून येऊ लागला. नोंदविषयाचा खरा आरंभ हा रस्ता होय.

हेमिंग्वे : अर्नेस्ट हेमिंग्वे १९२८ मध्ये प्रथम की वेस्टला आले आणि तीसचे दशक बहुतांशी तिथे राहिले. मित्रांना बाहेरगावाहून बोलावून समुद्रावर नेणे हा त्यांचा आवडता पाहुणचार. १९३० मध्ये संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांच्यासह निघालेली मंडळी ११० किमी.वरील ड्राय टॉर्टुगाज बेटांवर उत्तरेच्या वाऱ्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक अडकून पडली. १९३४ मध्ये त्यांनी ‘पिलार’ ही ३८ फुटी बोट घेतली आणि ते बोटवाल्यांचे गिऱ्हाईक उरले नाहीत. टू हॅव अँड हॅव नॉट (१९३७) या कादंबरीचा नायक भाड्याने बोट नेणारा की वेस्टचा तांडेलच आहे. गिऱ्हाईक त्याची महागडी दांडी आणि रीळ समुद्रात घालवते आणि भाडे न देता पसार होते, तिथून त्याची अधोगती सुरू होते. अनामत आधी का घ्यावी, याचे याहून चांगले विवेचन उपलब्ध नाही. मराठीत हेमिंग्वे यांची समुद्रकथा पु. ल. देशपांडे यांनी एका कोळियाने या नावाने आणली. पण तिच्यातला म्हातारा क्यूबाचा आणि पोटासाठी मासे धरणारा. त्याचा या नोंदीशी संबंध पाण्यापुरताच.

नियम आणि विक्रम : ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ १९३९ मध्ये स्थापन झाली. गळाला मासा लागल्यापासून दांडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला तर विक्रम बाद, हा तिचा गाभ्याचा नियम. कुटुंबाच्या बोटीवर तो कोणी पाळत नाही. मुलगा दमला की बाप, बाप दमला की खलाशी.

व्यवहार : अर्धा दिवस (चार तास), पाऊण (सहा) किंवा पूर्ण (आठ) असे भाडे संपूर्ण बोटीचे ठरते, माणशी नाही. सहाच उतारू नेण्याचा तटरक्षक दलाचा परवाना मिळवणे तुलनेने सोपे. सातवा माणूस आला की बोटीची तपासणी आणि प्रमाणपत्र आले. त्यामुळे बहुतेक बोटी सहांच्या, आणि त्यामुळेच आजी येणार की धाकटा मेहुणा हा प्रश्न धक्क्यावर नव्हे, घरी मिटवून यावा लागतो. माणशी तिकीट घेऊन तीस-चाळीस जणांना नेणाऱ्या मोठ्या बोटींचा प्रकार वेगळा. गिऱ्हाइकाला स्वतःचा परवाना काढावा लागत नाही, बोटीचा पुरतो. खलाशाला भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. गळाला आमिष लावणे, गुंता सोडवणे, ओकणाऱ्याला वाऱ्याच्या बाजूपासून हलवणे आणि शेवटी मासे साफ करून देणे हे सारे तोच करतो. बोटीवर केळी आणू नयेत हा संकेत मात्र फुकट सांगितला जातो. त्याची कारणे अनेक देतात. पटणारे एकही नाही.

पद्धती : प्रवाहात आमिष पाण्याच्या पृष्ठाशी ओढत बोट हळू चालवतात. भित्तीवर नांगर टाकून माशांचा भुगा पाण्यात सोडत राहतात. त्याच्या वासाने पिवळ्या शेपटीचे स्नॅपर बोटीच्या मागे जमतात. मुलांसाठी हा प्रकार उत्तम, कारण वाट पाहावी लागत नाही. सेलफिशसाठी पतंग उडवून त्याच्या दोरीला जिवंत आमिष टांगण्याची युक्ती आहे : आमिष पृष्ठावर तडफडते आणि सूत पाण्याबाहेर राहते.

खोल पाण्यातून वेगाने वर आणलेल्या स्नॅपर-ग्रूपरच्या वाताशयातील वायू दाब घटल्याने फुगतो; पोट तोंडावाटे बाहेर येते, डोळे सुजतात. असा मासा ‘सोडून दिला’ तरी खाली जाऊ शकत नाही. तरंगत राहतो आणि शार्क किंवा पाणपक्षी त्याला उचलतात. सोडण्यातले पुण्य त्यामुळे बरेचदा कागदोपत्रीच असते. सोडलेला मासा जगावा यासाठी उपाय दोन. एक, टोक आत वळलेला गोल गळ, जो घशात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. मेक्सिकोच्या आखाताच्या संघराज्यीय पाण्यात नैसर्गिक आमिषाने भित्तीचे मासे धरताना तो २००८ पासून सक्तीचा आहे. दुसरा, माशाला वजनासह खाली नेऊन तळाशी सोडणारे साधन. अटलांटिकच्या बाजूला या माशांसाठी निघालेल्या बोटीवर ते २०२० पासून सज्ज असावे लागते. की वेस्ट या दोन समुद्रांच्या हद्दीवर असल्याने सकाळी एक नियम आणि दुपारी दुसरा, असेही घडते.

धक्क्यावरची छायाचित्रे : सफर संपली की मासे फळीच्या खिळ्यांना टांगून, फळीवर बोटीचे नाव दिसेल असे बघून, गिऱ्हाइकांना शेजारी उभे करून फोटो काढण्याची प्रथा १९५० च्या दशकात रुजलेली दिसते. हेतू जाहिरात आणि आठवण. मोजमाप कोणाच्याच मनात नव्हते. अशा फोटोंचा संग्रह तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात साठला आणि स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या लोरेन मॅक्लेनाहान यांनी १०० छायाचित्रांतले १,२७५ मासे मोजून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५६ ते २००७ या काळात टांगलेल्या माशाचे सरासरी अंदाजित वजन १९.९ किग्रॅ.वरून २.३ किग्रॅ.वर आले होते. आरंभीच्या फोटोंत माणसाहून मोठे ग्रूपर आणि शार्क आहेत. शेवटच्या फोटोंत सरासरी ३४.४ सेंमी.चे स्नॅपर. शार्कची सरासरी लांबीही निम्म्याहून अधिक घटली. सफरीच्या दरात मात्र त्या मानाने घट झाली नाही.

या आकड्यांना मर्यादा आहेत. फळीवर नेहमी सर्वांत मोठा मासा टांगतात, समुद्रातला सरासरी नव्हे. शिवाय गोलायथ ग्रूपर या सर्वांत अवजड जातीच्या पकडीवर १९९० मध्ये बंदी आली, तेव्हा २००७ च्या फळीवर तो नसण्याला कायदाही कारण आहे. (२०२३ पासून फ्लॉरिडात सोडत काढून मोजक्या लहान गोलायथना परवानगी मिळते, तिच्याबद्दल मतभेद आहेत.) तरीही इतक्या दीर्घ काळाची दृश्य नोंद या छंदात विरळाच. फोटोतली माणसे सर्व दशकांत सारखीच हसतात. डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडलेली सरकत्या आधाररेषेची कल्पना, म्हणजे प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरते, शिकवताना या फळ्यांचा दाखला देतात.

अलीकडे मासा बोटीवरच हातात धरून, फोनने टिपून सोडतात. मिरवण्याजोगा मोठा मासा भुसा भरून भिंतीवर लावण्याची प्रथाही मागे पडली असून मापांवरून फायबरग्लासची प्रतिकृती बनवतात. हात लांब करून कॅमेऱ्याकडे सरकवलेला मासा असतो त्याहून मोठा दिसतो. संशोधनाच्या दृष्टीने जुनी फळीच बरी होती.

हंगाम : गिऱ्हाईक हिवाळ्यात आणि वसंतात अधिक, चक्रीवादळांच्या हंगामात (जून ते नोव्हेंबर) रद्द सफरींचे प्रमाण वाढते.

भारत : कौटुंबिक चार्टरची अशी रूढ परंपरा नाही. कोकण-गोव्यात पर्यटकांना गरवायला नेणाऱ्या होड्या आहेत. मोठ्या खेळमाशांसाठीच्या सफरी मुख्यतः अंदमानात चालतात आणि तिथे धरून सोडण्याची रीत आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीबंदी असते.