मॉसेल बे

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील, हिंदी महासागरावरील उपसागर व त्याच्या काठचे त्याच नावाचे बंदर. केपटाउनच्या पूर्वेस सुमारे ४०० किमी.वर, ‘गार्डन रूट’ या निसर्गरम्य किनारपट्टीच्या पश्चिम टोकाशी हा उपसागर आहे. केप सेंट ब्लेझ या भूशिरामुळे नैर्ऋत्येकडील वारे व लाटा अडतात आणि आतले पाणी बरेच शांत राहते. हा आडोसा, गोड्या पाण्याचा बारमाही झरा आणि खडकांवरील शिंपले यांमुळे येथे फार प्राचीन काळापासून मानवी वावर आहे.

निसर्ग : उत्तरेस औटेनिक्वा पर्वतरांग, तिच्या पायथ्याशी अरुंद मैदान व लांब पुळणी, तर भूशिराच्या दक्षिण अंगास क्वार्टझाइटचे उभे कडे व गुहा असे येथील भूदृश्य आहे. कड्यांवर ‘फिनबॉस’ हे बुटक्या, चिवट झुडपांचे रान पसरले असून त्यात कंदवर्गीय वनस्पती विपुल आहेत. बंदराजवळच्या बेटावर केप फर सील राहतात व त्यांच्या शिकारीसाठी पांढरे शार्क येतात. याच उपसागरात २०२२ मध्ये ऑर्का पांढऱ्या शार्कची शिकार करीत असल्याचे ड्रोनने टिपले. जून ते नोव्हेंबर या काळात सदर्न राइट जातीचे देवमासे विणीसाठी किनाऱ्यालगत येतात.

प्रागितिहास : शहराच्या पश्चिमेस पिनॅकल पॉइंट येथील कड्यांत गुहांची मालिका आहे. नियोजित गोल्फ मैदानापूर्वी १९९७ मध्ये झालेल्या पाहणीत तिचे पुरातत्त्वीय महत्त्व ध्यानात आले. पुढे पुरातत्त्वज्ञ कर्टिस मॅरियन यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले. ‘१३ बी’ ही गुहा समुद्रसपाटीपासून बरीच उंच असल्याने सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला तेव्हाही तिच्यातील जुने थर वाहून गेले नाहीत. वरच्या चुनायुक्त थरांतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे हाडे व शिंपलेही टिकले. सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीच्या थरात खाल्लेल्या शिंपल्यांची कवचे, घासलेला गेरू व दगडाची लहान पाती मिळाली. सागरी अन्न खाल्ल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक होय. हिमयुगात समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटून गुहांसमोर चराऊ मैदान उघडे पडे. सिल्क्रीट हा दगड तापवून घडणीस सुकर करण्याची रीत सुमारे ७२,००० वर्षांपूर्वी येथे रूढ होती. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटातील राखेचे सूक्ष्म काचकणही येथे सापडले असून त्या थराच्या वरही वस्ती चालू राहिल्याचे दिसते.

इतिहास : पुढील काळात हा प्रदेश पशुपालक खोईखोई लोकांचा होता. ३ फेब्रुवारी १४८८ रोजी पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश येथे उतरला. पाणी भरण्यावरून चकमक उडून एक खोईखोई मारला गेला. १४९७ मध्ये भारताकडे निघालेल्या वास्को द गामाने मात्र टोप्या व कडी देऊन बैल घेतला. खोईखोईंनी पावे वाजविले. भारताच्या सागरी वाटेवर हे पाणी भरण्याचे ठाणे झाले. पेद्रू दी अताइद या पोर्तुगीज कप्तानाने झऱ्याजवळच्या मिल्कवुड वृक्षापाशी ठेवलेले पत्र १५०१ मध्ये भारताकडे जाणाऱ्या जुआंव द नोव्हाला मिळाले. हा ‘टपालवृक्ष’ आजही दाखवितात. येथील शिंपल्यांवरून मॉसेल बे हे नाव १६०१ मध्ये डच दर्यावर्दी पाउलस व्हान कार्डेन याने दिले.

मासेमारी व पर्यटन हे येथील प्रमुख व्यवसाय; २०२० पर्यंत वायुउद्योगही महत्त्वाचा होता. दियश संग्रहालयात १९८८ मध्ये लिस्बनहून आलेली त्याच्या जहाजाची प्रतिकृती आहे. नवी दिल्लीत जुलै २०२४ मध्ये भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत पिनॅकल पॉइंटचा डीपक्लूफ व सिबुडू या स्थळांसह वारसायादीत समावेश झाला.