गिरणीवाल्याचे गणित

अकरावी-बारावीच्या वर्गात विद्युत विभव शिकवायला घेतले की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, प्रभारामुळे बल निर्माण होते, हे समजले. मग मध्येच हे विभव कशाला आणले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ज्याने सर्वप्रथम नीट मांडले, त्याचे नाव पाठ्यपुस्तकाच्या त्या प्रकरणात सहसा नसते. कूलोम असतो, व्होल्टा असतो, फॅरडे असतो. विद्युतशास्त्रात 'पोटेन्शियल' हा शब्द रूढ करणारा जॉर्ज ग्रीन मात्र नसतो. तो कोणत्याही विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. हे काम केले तेव्हा तो इंग्लंडमधील नॉटिंगहॅम गावाबाहेरच्या टेकडीवर पवनचक्की चालवून लोकांचे धान्य दळून देत असे.

शाळा जेमतेम सव्वा वर्ष

ग्रीनचा जन्म जुलै १७९३ मध्ये नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांची बेकरी होती. जॉर्जला आठव्या वर्षी रॉबर्ट गुडएकर यांच्या खाजगी शाळेत घातले. गुडएकर यांना गणित व विज्ञानाची आवड होती. पण पुढच्याच वर्षी, १८०२ च्या उन्हाळ्यात, मुलाचे नाव शाळेतून काढून त्याला भट्टीच्या कामाला लावण्यात आले. त्याचे शालेय शिक्षण एवढेच.

१८०७ साली वडिलांनी गावाला लागून असलेल्या स्नेंटन येथे विटांची उंच पवनचक्की बांधली. पवनचक्कीचे काम कष्टाचे आणि बेभरवशाचे असते. वारा असेल तेव्हा दळावे लागते, मग दिवस असो की रात्र. वाऱ्याची दिशा बदलली की पाती वळवावी लागतात, वादळ आले तर ती सांभाळावी लागतात. ग्रीनने आयुष्याची अनेक वर्षे हे काम केले. ते त्याला फारसे आवडत नव्हते. फुरसत मिळेल तेव्हा तो गणित वाचत असे.

गणिताची गोडी त्याला कुणी लावली? या संदर्भात इतिहासकार एका शिक्षकाचे नाव घेतात. जॉन टॉपलिस हे केंब्रिजला शिकलेले गणिती त्या काळात नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक होते. फ्रान्समधील गणित इंग्लंडच्या फार पुढे गेले आहे, याची त्यांना खंत होती. त्यांनी लाप्लासच्या 'खगोलीय यामिकी' या ग्रंथाच्या पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद करून तो १८१४ साली नॉटिंगहॅममध्येच प्रसिद्ध केला. ग्रीनच्या लेखनात न्यूटनची टिंबांची पद्धत आढळत नाही, फ्रेंच गणितींची 'डी-एक्स' पद्धत आढळते. त्यावरून टॉपलिस यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले असावे, असे अनुमान केले जाते.

दुसरा आधार होता ग्रंथालयाचा. १८२३ साली ग्रीन नॉटिंगहॅमच्या वर्गणीदार ग्रंथालयाचा सभासद झाला. हे ग्रंथालय ब्रॉम्ली हाउस या इमारतीत होते. तेथे विज्ञानाची पुस्तके मोजकीच होती, पण लंडनच्या रॉयल सोसायटीची नियतकालिके येत. बाहेरच्या जगात कोण काय करीत आहे, हे गिरणीवाल्याला कळण्याची ही खिडकी होती.

एक्कावन्न वर्गणीदारांचा ग्रंथ

मार्च १८२८ मध्ये ग्रीनने सुमारे ऐंशी पानांचा एक निबंध स्वखर्चाने छापून घेतला. विषय होता, विद्युत आणि चुंबकत्वाच्या सिद्धान्तांमध्ये गणिती विश्लेषणाचा वापर. किंमत साडेसात शिलिंग. आगाऊ वर्गणी भरणारे एक्कावन्न लोक मिळाले. त्यांतले निम्म्याहून अधिक ग्रंथालयातलेच सभासद होते. त्यांपैकी फारच थोड्यांना आतला मजकूर समजला असेल. प्रस्तावनेत ग्रीनने, आपल्याला अभ्यासाची साधने आणि सवड कमी मिळाली, हे ध्यानात घेऊन वाचकांनी उणिवा क्षम्य मानाव्यात, अशी विनंती केली आहे.

या निबंधात काय होते? त्यातील तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट विभवाची. बलाला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात. त्यामुळे अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी बल सांगायला तीन संख्या लागतात. अनेक प्रभार असतील तर तिन्ही दिशांच्या वेगवेगळ्या बेरजा कराव्या लागतात. त्याऐवजी प्रत्येक बिंदूला एकच संख्या देता आली तर? भूगोलातील समोच्च रेषांचा नकाशा आठवा. त्यावर फक्त उंची दाखवलेली असते. तरीही पाणी कोणत्या बाजूला वाहील आणि उतार किती तीव्र आहे, हे आपण नकाशावरून सांगू शकतो. विभव म्हणजे अशी 'उंची' आणि बल म्हणजे तिचा 'उतार'. अशा प्रकारचे फलन लाप्लास आणि प्वासाँ यांनी आधी वापरले होते. ग्रीनने त्याला नाव दिले आणि संपूर्ण सिद्धान्ताचा पाया त्यावर रचला. लायडन बरणीसारख्या तेव्हाच्या परिचित उपकरणांना त्याने हे गणित लावून दाखवले.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ग्रीनचे प्रमेय'. एखाद्या बंदिस्त जागेच्या आतील सर्व बिंदूंवर करायची बेरीज त्या जागेच्या सीमेवरील बेरजेशी जोडता येते, असे हे प्रमेय सांगते. धरणातला साठा किती वाढला, हे जाणायला आतले पाणी मोजण्याची गरज नसते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा काठावरचा हिशेब पुरतो. त्या धर्तीचाच हा विचार आहे, फक्त अधिक व्यापक.

दोरी आणि वजने

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिला आज 'ग्रीनचे फलन' म्हणतात. ते समजून घेण्यासाठी वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग पाहू.

एक हलकी, मजबूत दोरी घ्या. तिचे एक टोक खिळ्याला बांधा. चार मीटर अंतरावर त्याच पातळीत एक कप्पी बसवून दोरी तिच्यावरून सोडा आणि मोकळ्या टोकाला अडीच किलोचे वजन टांगा. यामुळे दोरीतील ताण कायम राहील. आता दोरीच्या बरोबर मध्यावर २०० ग्रॅमचे वजन अडकवा. तेथे दोरी सुमारे ८ सेंटिमीटर खाली येईल. हेच वजन मध्यावरून काढून एका टोकापासून एक मीटरवर अडकवा. वजनाखाली दोरी ६ सेंटिमीटर आणि मध्यावर ४ सेंटिमीटर खाली येईल. शेवटी दोन्ही ठिकाणी एकेक वजन अडकवा. मध्यावरची झुकण किती येईल? आठ अधिक चार, म्हणजे १२ सेंटिमीटर. कप्पीच्या घर्षणामुळे आकड्यांत थोडा फरक पडेल, पण बेरजेचा नियम स्पष्ट दिसेल.

म्हणजे एका वजनामुळे दोरी कशी झुकते, एवढे जाणले की कितीही वजने कुठेही टांगली तरी दोरीचा आकार नुसत्या गुणाकार-बेरजेने काढता येतो. एका बिंदूवरील एकक कारणाचा सर्वत्र होणारा परिणाम म्हणजे ग्रीनचे फलन. दोरीच्या जागी अवकाश घ्या, वजनाच्या जागी प्रभार आणि झुकण्याच्या जागी विभव. ग्रीनचा मूळ प्रश्न मिळाला. भोवतालच्या वाहकांचा आकार काहीही असो, एका बिंदूप्रभाराचे उत्तर सापडले की बाकीची उत्तरे त्यातून मिळतात.

याच प्रयोगात आणखी एक गंमत दडलेली आहे. वजन मध्यावर असताना टोकापासून एक मीटरवर दोरी किती झुकते, ते मोजा. ४ सेंटिमीटर! जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. ही परस्परताही ग्रीनच्या निबंधात आहे.

उशिरा आलेले उत्तर

वर्गणीदारांपैकी एकाला या कामाचे मोल कळले. सर एडवर्ड ब्रॉमहेड हे शेजारच्या परगण्यातील जमीनदार केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते. यापुढचे लेखन विद्वत्सभांकडे पाठवण्यास मदत करू, असे त्यांनी ग्रीनला लिहिले. पण थोरामोठ्यांची अशी पत्रे केवळ सौजन्याची असतात, उत्तर देणे बरे दिसणार नाही, असे कुणीतरी ग्रीनला सांगितले. त्याने ते खरे मानले. जवळजवळ दोन वर्षांनी, जानेवारी १८३० मध्ये, त्याने उत्तर लिहिले. आपल्या रामानुजनने १९१३ साली हार्डीला स्वतःहून पत्र पाठवले. ग्रीनला आलेल्या पत्राला उत्तर देण्याचाही धीर झाला नव्हता. सुदैवाने ब्रॉमहेड यांनी मनात काही ठेवले नाही. त्यांच्या मदतीने ग्रीनचे तीन शोधनिबंध केंब्रिज आणि एडिंबरो येथे प्रसिद्ध झाले.

ब्रॉमहेड यांच्याच प्रोत्साहनाने ऑक्टोबर १८३३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ग्रीनने केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून नाव घातले. वडील १८२९ साली वारले होते. गिरणी भाड्याने दिलेली होती. अर्ध्या वयाच्या मुलांबरोबर त्याने अभ्यास केला आणि १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत चौथा क्रमांक मिळवला. त्या वर्षी दुसरा आलेला जे. जे. सिल्व्हेस्टर पुढे थोर गणिती झाला. तो ज्यू असल्यामुळे तेव्हाच्या नियमांनुसार त्याला पदवी मिळाली नाही. ग्रीन १८३९ मध्ये महाविद्यालयाचा फेलो झाला. फेलो अविवाहित असावा, अशी अट होती. गिरणीच्या व्यवस्थापकाची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून ग्रीनला सात मुले झाली, पण त्यांचा विवाह कधीच झाला नाही.

या दोन-तीन वर्षांत त्याने प्रकाश, ध्वनी आणि पाण्याच्या लाटांवर सहा शोधनिबंध लिहिले. त्यांतला एक कालव्यातील लाटांवर आहे. कालवा हळूहळू उथळ होत गेला तर लाट किती उंच होईल, हे त्यात काढले आहे. खोली सोळाव्या हिश्शावर आली की लाटेची उंची दुप्पट होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आपण सर्वांनी विचारले होते की, भर समुद्रात जाणवतही नाही ती लाट किनाऱ्याशी एवढी उंच कशी होते? त्या उत्तराचा एक भाग 'ग्रीनचा नियम' म्हणून आजही वापरात आहे.

प्रकृती ढासळल्यामुळे ग्रीन १८४० मध्ये नॉटिंगहॅमला परतला आणि ३१ मे १८४१ रोजी वारला. वय सत्तेचाळीस. त्याचे एकही चित्र उपलब्ध नाही.

मृत्यूनंतर

१८२८ चा निबंध तेव्हा जवळजवळ कुणालाच माहीत नव्हता. दरम्यान गाउसने त्यातील काही निष्कर्ष स्वतंत्रपणे शोधून १८३९ मध्ये मांडले होते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने एका लेखात ग्रीनच्या निबंधाचा उल्लेख वाचला होता, पण पुस्तक त्याला कुठेच मिळेना. १८४५ च्या जानेवारीत पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने सहज आपले शिक्षक हॉपकिन्स यांच्याकडे विषय काढला. त्यांच्या कपाटात प्रती होत्याच! पॅरिसमध्ये थॉमसनने निबंध ल्यूव्हिल आणि स्टर्म यांना दाखवला. आपण अलीकडे शोधलेल्या गोष्टी सतरा वर्षांपूर्वीच छापल्या गेल्या होत्या, हे पाहून स्टर्म चकित झाला. थॉमसनने १८५० ते १८५४ या काळात बर्लिनच्या क्रेले यांच्या नियतकालिकात संपूर्ण निबंध पुन्हा प्रसिद्ध करवला. मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धान्तापर्यंत जाणाऱ्या वाटेवर हे गणित अशा रीतीने सर्वांच्या हाती आले.

विसाव्या शतकात ग्रीनच्या फलनांना नवे क्षेत्र मिळाले. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करताना ज्युलियन श्विंगरने ती वापरली. युद्धानंतर इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या पुंज सिद्धान्तातही त्याने तीच पद्धत नेली. या सिद्धान्तासाठी त्याला फाइनमन आणि तोमोनागा यांच्यासह १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रीनच्या द्विशताब्दीला, १९९३ साली, श्विंगरने नॉटिंगहॅमला येऊन व्याख्यान दिले. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ग्रीनच्या नावाची शिळा बसवण्यात आली. स्नेंटनची गिरणीही १९८० च्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा फिरू लागली आणि तिच्या आवारात मुलांसाठी विज्ञान केंद्र उभे राहिले.

ही कथा वर्गात सांगताना 'प्रतिभा लपून राहत नाही' असा निष्कर्ष कुणी काढू नये. ग्रीनची प्रतिभा सतरा वर्षे लपून राहिली होती. हॉपकिन्स यांचे कपाट उघडले गेले नसते तर ती आणखी किती काळ लपली असती, कोण जाणे. ती टिकली यामागे काही साध्या गोष्टी होत्या. गावात आधुनिक गणित जाणणारा एक मुख्याध्यापक होता, नियतकालिके मागवणारे ग्रंथालय होते, न कळणाऱ्या पुस्तकासाठीही साडेसात शिलिंग देणारे शेजारी होते आणि उत्तर उशिरा आले तरी न रागावणारा एक जाणकार होता. आपल्या वर्गातून आठवी-नववीत शाळा सोडून दुकानात किंवा शेतावर गेलेल्या मुलांपैकी कुणी अजून पुस्तक मागायला येत असेल, तर त्याच्यासाठी शाळेच्या कपाटाची किल्ली हाताशी ठेवावी.